पेशींना अपेक्षा नसतात, मोजणाऱ्याला असतात

पत्र:

नमस्कार. एम.एस्सी. झाल्यावर मी एका प्रयोगशाळेत प्रकल्प साहाय्यक म्हणून लागले. आमचे सर ऊर्जा-उपचारांवर काम करतात. हे उपचार करणाऱ्या एक ज्येष्ठ बाई आमच्याकडे येतात आणि त्वचेच्या फायब्रोब्लास्ट पेशींच्या प्लेटवर, स्पर्श न करता, दहा मिनिटं हात धरतात. दुसरी प्लेट आम्ही तशीच इन्क्युबेटरमध्ये ठेवतो. दोन दिवसांनी मी सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजते. तिन्ही वेळा बाईंच्या प्लेटमध्ये पेशी जास्त निघाल्या. सरांना पेपर पाठवायची घाई आहे. मला मात्र झोप लागत नाही, कारण कोणती प्लेट कोणाची हे मोजताना मला माहीत असतं. हे बोलले तर बाईंवर संशय घेतल्यासारखं होईल, आणि त्या मला लेकीसारखं वागवतात. त्यात माझ्या मावशीला स्तनाचा कर्करोग निघाला आहे, सुदैवाने लवकर. मी घरी या प्रयोगांबद्दल बोलले होते. आता ती म्हणते, ‘तुमच्या लॅबमध्ये पेशीपातळीवर सिद्ध झालंय ना, मग मी किमो कशाला घेऊ?’ तिला कोणीतरी एक वनस्पतीचा अर्कही दिला आहे. ‘कर्करोगाच्या पेशींवर तपासलेला’ असं त्यावर लिहिलं आहे. मी काय करू? पेपरवर नाव देऊ का?

– एक प्रकल्प साहाय्यक

उत्तर:

मावशींपासून सुरुवात करते, कारण पेपर थांबू शकतो.

त्यांना आजच फोन करा आणि सरळ सांगा, की आमच्या लॅबमध्ये असं काहीही सिद्ध झालेलं नाही. मोठ्या माणसाला असं तोंडावर सांगणं जड जातं, पण प्रयोगांची बातमी त्यांच्यापर्यंत तुमच्याकडूनच गेली, तेव्हा दुरुस्तीही तुमच्याच तोंडून गेलेली बरी. शास्त्राची भाषा वापरायची गरज नाही. तुमच्या प्लेटमध्ये त्वचेच्या निरोगी पेशी होत्या आणि त्या जास्त वाढल्या असं तुम्हाला दिसलं, एवढंच सांगा. मावशींच्या शरीरात आत्ता नको तिथे पेशी वाढताहेत, हाच तर आजार आहे. म्हणजे तुमचा निष्कर्ष शंभर टक्के खरा निघाला, तरी त्यावरून किमो सोडायचं कारण मिळत नाही. उलट एखादा विचारी माणूस म्हणेल, की जे पेशी वाढवतं ते माझ्यापासून लांबच ठेवा!

त्यांना आकडेच हवे असतील तर एक अभ्यास सांगा. ‘जर्नल ऑफ द नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट’मध्ये २०१८ मध्ये तो छापून आला. ज्यांचा कर्करोग निदानाच्या वेळी पसरलेला नव्हता आणि तरीही ज्यांनी नेहमीचे उपचार नाकारून फक्त पर्यायी उपचार घेतले, असे २८१ रुग्ण संशोधकांनी निवडले. त्यांच्याशी मिळतेजुळते, पण नेहमीचे उपचार घेतलेले ५६० रुग्ण घेऊन तुलना केली. पहिल्या गटात मृत्यूचा धोका अडीच पट होता. स्तनाच्या कर्करोगात तो पाच पटींहूनही जास्त होता. हा निरीक्षणात्मक अभ्यास आहे, त्याला त्याच्या मर्यादा आहेत. पण एवढा मोठा फरक मर्यादांच्या आडोशाला लपत नाही. आणि गाठ लवकर सापडली हे मावशींचं नशीब थांबण्यात वाया जाऊ नये.

किमोच्या जोडीला कोणी शेजारी बसून हात धरत असेल, त्यांना शांत वाटत असेल, तर त्याला माझी हरकत नाही. अर्काचं तसं नाही. ती बाटली घेऊन कर्करोगतज्ज्ञांकडे जा आणि ‘हे चालेल का’ असं स्पष्ट विचारा. सेंट जॉन्स वर्ट नावाची वनस्पती अनेक जण मन उदास असताना घेतात. ती यकृतातल्या विकरांचं काम वाढवते आणि त्यामुळे इरिनोटेकान या किमोच्या औषधाचं सक्रिय रूप रक्तात कमी पडतं, हे मोजून सिद्ध झालेलं आहे. वनस्पती आहे म्हणून ती गप्प बसेल असं समजू नका.

‘कर्करोगाच्या पेशींवर तपासलेला’ या वाक्याचंही पाहू. प्लेटमधल्या पेशी मारणं फार सोपं आहे. अल्कोहोलने मरतात, जास्त मिठाने मरतात, मीडियम, म्हणजे पेशींचं पोषक द्रावण, बदलायला उशीर झाला तरी मरतात. तुम्ही हे रोज बघता. प्रश्न असतो तो किती मात्रेला, निरोगी पेशी सोडून फक्त रोगट पेशींना, आणि ती मात्रा गिळल्यावर रक्तात पोहोचते का, हा. हळदीतल्या कर्क्युमिनचं उदाहरण घ्या. प्लेटमध्ये त्याने जवळजवळ प्रत्येक चाचणीत काही ना काही करून दाखवलं. २०१७ मध्ये औषधी रसायनशास्त्राच्या अभ्यासकांनी त्याचा सविस्तर आढावा घेतला तेव्हा कारणं पुढे आली: हा रेणू स्वतः चमकतो, इतर प्रथिनांना कुठेही चिकटतो, शरीराच्या सामूला (पीएचला) काही मिनिटांत तुटू लागतो आणि पोटातून रक्तात जेमतेम पोहोचतो. चाचणीलाच फसवणारे रेणू असतात, त्यांतला हा एक. शिवाय अर्कांच्या चाचण्यांत तुमच्या ओळखीची एमटीटी, म्हणजे किती पेशी जिवंत आहेत ते रंगावरून सांगणारी चाचणी, वापरली असेल, तर अर्कातली अँटिऑक्सिडंट द्रव्यं पेशी नसतानाही तो पिवळा रंग जांभळा करू शकतात. पेशीविना, नुसता अर्क घातलेल्या वेल (प्लेटमधले छोटे खळगे) लावल्या होत्या का, एवढा एक प्रश्न अशा अहवालाला विचारून बघा.

आता तुमच्या प्लेट.

तुमच्या सरांचा विषय नवा नाही आणि तो मूर्खपणाचाही नाही, हे आधी सांगते. बर्नार्ड ग्रॅड यांनी १९६१ मध्येच हात धरून उपचार करणाऱ्या एका माणसाला उंदरांच्या जखमांवर तपासलं होतं. पेशींवर असा प्रयोग करण्यात एक मोठी सोयही आहे. माणसाला उपचार मिळतोय म्हटल्यावर बरं वाटू लागतं. १९७८ मध्ये लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स यांनी दाखवलं, की अफूसारख्या द्रव्यांचा परिणाम रोखणारं नॅलोक्सोन हे औषध दिलं तर खोट्या औषधाने मिळणारा वेदनेतला आराम नाहीसा होतो. म्हणजे त्या आरामामागे शरीराची स्वतःची अफूसारखी द्रव्यं काम करतात. फायब्रोब्लास्टला अशी आशा लागत नाही. त्यामुळे प्लेटमध्ये खरा फरक पडला, तर ‘मनाचे खेळ’ म्हणून तो उडवून लावता येत नाही. प्लेटसमोर बसलेल्या माणसाला मात्र आशा लागते. तुमची झोप तिथेच उडाली आहे, आणि ती बरोबर ठिकाणी उडाली आहे.

१९८८ सालची गोष्ट तुम्हाला माहीत असेल, तरी तपशिलाने सांगते, कारण ती जवळजवळ तुमचीच आहे. जाक बेनवेनिस्त हे फ्रान्समधले नावाजलेले प्रतिकारशक्तीतज्ज्ञ. त्यांच्या गटाने माणसाच्या रक्तातल्या बेसोफिल पेशी घेतल्या आणि त्यांवर अँटी-आयजीई हे प्रतिपिंड पातळ करत करत टाकलं. पातळ म्हणजे किती, तर १ वर १२० शून्यं इतकं. एका मोलमध्ये रेणू असतात साधारण ६.०२२ गुणिले १० चा २३वा घात. त्यामुळे एवढ्या विरलीकरणानंतर त्यात एकही रेणू उरण्याची शक्यता नव्हती. तरीही पेशी प्रतिसाद देतात असं त्यांचं म्हणणं होतं. ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकाने तो पेपर छापला, पण संपादक जॉन मॅडॉक्स यांनी अट घातली, की आम्ही येऊन प्रयोग डोळ्यांनी बघणार. ते गेले आणि सोबत वैज्ञानिक गैरप्रकारांचा अभ्यास करणारे वॉल्टर स्ट्युअर्ट आणि जादूगार जेम्स रँडी यांना घेऊन गेले. जादूगार नेण्यावरून तेव्हा बरंच हसं झालं आणि रागही व्यक्त झाला. मला विचाराल तर ती निवड अचूक होती. माणूस स्वतःला कसा फसवतो हे जादूगाराइतकं कोणाला ठाऊक असतं?

नेहमीच्या पद्धतीने मोजणी झाली तेव्हा परिणाम दिसला. मग नमुन्यांना सांकेतिक क्रमांक दिले, क्रमांकांची यादी पाकिटात बंद केली आणि ते पाकीट प्रयोगशाळेच्या छताला चिकटवून ठेवलं. कोणता नमुना कोणता हे मोजणाऱ्यांना कळेनासं झालं आणि परिणाम गेला. जुलै १९८८ च्या अहवालाच्या शीर्षकात मॅडॉक्स यांनी शब्द वापरला तो ‘भ्रम’ असा. त्या मोजणाऱ्या हातांमध्ये कौशल्य होतं, वर्षांचा सराव होता. रंगलेली पेशी धरायची की सोडायची, हा निर्णय एकेका पेशीपाशी डोळा घेतो आणि डोळ्याला आधीच सांगून ठेवलेलं असतं. पुढे बेनवेनिस्त म्हणू लागले, की असा ‘संदेश’ संगणकावर नोंदवून पाठवताही येतो. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशातून त्याचीही तपासणी झाली आणि २००६ मध्ये निकाल छापून आला: पुन्हा पुन्हा दिसेल असा परिणाम नाही. अधूनमधून जे दिसलं, ते एका विशिष्ट प्रयोगकर्त्याच्या उपस्थितीत.

म्हणून पुढची प्लेट लावण्याआधी ब्लाइंडिंग. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावणाऱ्या व्यक्तीला, म्हणजे तुम्हाला, प्लेटवर फक्त क्रमांक दिसला पाहिजे. यादी तिसऱ्या व्यक्तीकडे, सरांकडेही नको. सगळी मोजणी लिहून झाल्यावर, आणि आकडे गोठवल्यावरच, यादी उघडायची.

एवढ्याने तुमचं काम संपत नाही. पत्रात एक वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात, ‘दुसरी प्लेट तशीच इन्क्युबेटरमध्ये ठेवतो’. मला तिथेच धक्का बसला. बाईंची प्लेट दहा मिनिटं बाहेर येते, ३७ अंशांतून खोलीच्या तापमानात येते, तिच्यावर दोन उबदार हात येतात, ५ टक्के कार्बन डायऑक्साइडची हवा सुटते आणि मीडियमचा सामू वर सरकतो. तुमच्या मीडियममध्ये सामूनुसार रंग बदलणारं फिनॉल रेड असेल तर ते गुलाबी होताना तुम्हीच पाहिलं असेल. दुसरी प्लेट यातलं काहीच भोगत नाही. मग फरक ऊर्जेचा, उबेचा की सामूचा, हे कोणत्या आकडेमोडीतून निघणार? कंट्रोल प्लेटही, म्हणजे तुलनेसाठीची ती दुसरी प्लेट, तितकाच वेळ बाहेर काढा, त्याच टेबलावर ठेवा आणि तिच्यावर दुसऱ्या कोणीतरी, ज्यांना या उपचाराशी देणंघेणं नाही त्यांनी, तेवढ्याच अंतरावर हात धरावेत. मनात काय करायचं म्हणून विचारलं तर हजारापासून उलटे आकडे मोजायला सांगा.

बाकीच्या खोड्या तुमच्या हातातल्या आहेत. पेशींचं द्रावण नळीत उभं राहिलं की पेशी तळाशी बसत जातात; आधी एक प्लेट भरून मग दुसरी भरली, तर दोन्हींत सुरुवातीलाच सारख्या पेशी पडत नाहीत. तुम्ही बाईंची प्लेट नेहमी पहिली भरता की नंतर? कडेच्या वेलमधलं पाणी लवकर उडतं, म्हणून त्या वेल मोजणीतून वगळा किंवा नुसत्या पाण्याने भरा. पॅसेज क्रमांक, म्हणजे पेशी किती वेळा नव्या प्लेटमध्ये हलवून वाढवल्या तो आकडा, दोन्हीकडे एकच हवा. कोणती प्लेट कोणाकडे जाणार हे पेशी भरून झाल्यावर चिठ्ठी टाकून ठरवा. आणि पेशींची ओळख एकदा तपासून घ्या. हेला नावाच्या कर्करोगाच्या पेशी १९५१ मध्ये वाढवल्या गेल्या आणि नंतर इतक्या प्रयोगशाळांमधल्या इतर पेशींत मिसळल्या, की चुकीच्या नावाने वावरणाऱ्या सेल लाइनची (प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या पेशींच्या वाणांची) आंतरराष्ट्रीय यादी ठेवावी लागते.

तुम्ही ‘तिन्ही वेळा’ असं लिहिता, पण तुमच्या आकडेवारीच्या तक्त्यात किती आकडे आहेत? माझा अंदाज असा, की प्रत्येक प्लेटमधल्या सगळ्या वेल वेगवेगळ्या धरून सरांनी पी-व्हॅल्यू (खरा फरक नसतानाही एवढा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) काढली असेल. एकाच माणसाचं वजन बारा वेळा केलं म्हणून बारा माणसं तपासली असं होत नाही. तुमचे प्रयोग तीन आहेत, त्यामुळे संख्या तीन. आता पुढचे प्रयोग किती करणार हे आधी ठरवा, लिहून तारीख घाला आणि मध्येच ‘आला परिणाम, थांबू या’ असं करू नका.

मला मनापासून आवडणारा प्रयोग अजून सांगितलाच नाही. दोन्ही प्लेट बाहेर काढा, कोणीही हात धरू नका, तरी एकीला ‘उपचार’ आणि दुसरीला ‘कंट्रोल’ असं चिठ्ठीने नाव द्या, आणि नेहमीसारखं मोजा. हे अनेकदा करा. निव्वळ लॅबच्या चुळबुळीतून दोन प्लेटमध्ये किती फरक पडतो, हे तुमच्या हाती येईल. बाईंच्या प्लेटमधला फरक त्या पट्ट्यातच बसत असेल तर प्रश्न मिटला. सोबत एका प्लेटमध्ये वाढीला चालना देणारं ग्रोथ फॅक्टर टाका, म्हणजे खरी वाढ झाली तर तुमची पद्धत ती पकडू शकते हेही कळेल. हे रिकामे प्रयोग कंटाळवाणे असतात आणि कोणी त्यांच्यासाठी अनुदान देत नाही. बहुधा म्हणूनच ते होत नाहीत.

सरांना वाचायला देण्यासारखे पेपर दोन्ही बाजूंचे आहेत, दोन्ही द्या. कनेक्टिकट विद्यापीठातल्या ग्लोरिया ग्रोनोविच यांच्या गटाने २००८ मध्ये ‘थेरप्युटिक टच’ या, तुमच्या बाईंसारख्याच हात धरून केलेल्या उपचाराचा हाडांच्या संवर्धित पेशींवर परिणाम दिसल्याचं छापलं, त्यांनी खोटा उपचार करणारी माणसंही वापरली होती, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. दुसरीकडे गॅरेट यूंट यांच्या गटाने २००४ मध्ये छीगाँग या चिनी ऊर्जा-उपचारावर काम छापलं. त्यांनाही आधी पेशींची वाढ किंचित जास्त दिसली. त्यांनी तिथेच थांबून पेपर पाठवला नाही. तोच प्रयोग जास्त मोठ्या संख्येने पुन्हा केला, तेव्हा फरक उरला नाही, आणि दोन्ही निकाल एकाच पेपरात छापले. तुमच्या सरांनी गिरवावा असा कित्ता कोणता, ते मी वेगळं सांगायला नको. पहिल्या गटाचं काम वेगळ्या प्रयोगशाळेत, वेगळ्या हातांनी उभं राहत नाही तोवर त्यावर काही बांधू नये असं माझं मत आहे.

‘पर्यायी’ म्हटलं की पेशीशास्त्र दार लावून घेतं, असं सर म्हणत असतील तर ते खरं नाही. तू योयो यांनी जुन्या चिनी ग्रंथातल्या सूचनेवरून आर्टेमिसिया या वनस्पतीचा अर्क कमी तापमानात काढला आणि त्यातून मलेरियावरचं आर्टेमिसिनिन मिळालं. २०१५ चं नोबेल त्यासाठी. सदाफुलीतलं व्हिन्क्रिस्टिन हे कर्करोगाचं औषध पेशीच्या विभाजनाचे धागे बनू देत नाही, हे आज कोणत्याही पाठ्यपुस्तकात आहे. ॲक्युपंक्चरच्या बाबतीतही २०१० मध्ये उंदरांवर दिसलं, की सुई फिरवल्यावर आसपासच्या ऊतीत ॲडेनोसिन हे द्रव्य खूप वाढतं आणि त्याचा ग्राही (रिसेप्टर) नसलेल्या उंदरांना वेदनेत आराम मिळत नाही. या शेवटच्या प्रयोगात काहीतरी काढून घेता आलं आणि ते काढल्यावर परिणाम थांबला. तुमच्या प्रयोगात काय काढून घेता येईल, हे सरांना एकदा विचारा.

बाईंशी कसं बोलायचं? मला वाटतं तुम्ही उगाच घाबरताय. संशय त्यांच्यावर नाहीच, तो तुमच्या डोळ्यांवर आहे, आणि हे खरंच असल्यामुळे सांगायलाही सोपं आहे. ‘बाई, कोणती प्लेट तुमची हे मला माहीत असतं, त्यामुळे माझ्या मोजणीवर उद्या कोणी विश्वास ठेवणार नाही. म्हणून आता मी न बघता मोजणार आहे.’ बहुतेक अशी माणसं आनंदाने तयार होतात, कारण त्यांचा स्वतःवर पूर्ण विश्वास असतो. १९९८ मध्ये अमेरिकेच्या वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात एमिली रोझा या शाळकरी मुलीचा प्रयोग छापून आला. हाताला दुसऱ्याची ऊर्जा जाणवते म्हणणाऱ्या, पुठ्ठ्याच्या आड हात घातलेल्या २१ उपचारकांना तिने विचारलं, माझा हात तुमच्या कोणत्या हाताजवळ आहे? सगळे आपणहून बसले होते. २८० पैकी १२३ उत्तरं बरोबर आली, म्हणजे ४४ टक्के. नाणं उडवूनही याहून थोडं बरं जमलं असतं. बाईंचा निकाल असा लागला, तर त्यांना वाईट वाटेल. तेव्हा तो निकाल त्यांना तुम्ही स्वतः सांगा, सरांच्या ईमेलमधून कळू देऊ नका. तुमच्याशी त्यांचं जे नातं जडलं आहे, त्याचा फायब्रोब्लास्टशी संबंध नाही.

राहिला पेपर. सरांशी तोंडी बोला, पण त्याच दिवशी तेच ईमेलनेही लिहा: मोजणी ब्लाइंड नव्हती, कंट्रोल प्लेट बाहेर काढलेली नव्हती, आणि प्रयोग पुन्हा करण्याची माझी तयारी आहे. वहीत जुन्या नोंदी जशा आहेत तशाच राहू द्या. खाडाखोड करू नका, नव्या पानावर नवी पद्धत लिहा. सर तयार झाले तर नाव जरूर द्या, निकाल कुठल्याही बाजूला गेला तरी. न दिसलेला परिणाम छापणारी नियतकालिकं आहेत. यूंट यांच्या गटाचं काम छापलं गेलंच ना. ‘पद्धत’ या भागात मोजणी ब्लाइंड नव्हती हे स्वच्छ लिहून, प्राथमिक निरीक्षण म्हणून पेपर जात असेल, तरीही मी एक वेळ समजू शकते, जरी मी स्वतः तो पाठवला नसता.

आणि तेही नको म्हणाले, तर नाव काढून घ्यायला दोन ओळी पुरतात. हव्या तर याच वापरा: ‘या प्रयोगांतील मोजणी मी केली असून ती करताना मला प्लेटची ओळख माहीत होती. हे पेपरात नमूद होत नसल्यामुळे लेखकांच्या यादीतून माझं नाव वगळावं, ही विनंती.’